घरचं जनावर मेलं तर लेकरांना सांगायचं कसं, सांभाळायचं कसं

खान्देशात घरचं जनावर म्हणजे नुसतं कुत्रं-मांजर नाही. गोठ्यातलं वासरू, अंगणातल्या कोंबड्या, शाळेच्या फाटकापर्यंत मागे मागे येणारं करडू, पिंजऱ्यातला राघू, पोळ्याला पोराने स्वतः शिंगं रंगवलेला बैल, हे सगळे त्यात आले. यातलं कोणीही मेलं की घरातली मोठी माणसं आधी एकच गोष्ट करतात: पोराला कळू देत नाहीत. पोरगं शाळेतून यायच्या आत खड्डा बुजलेला असतो आणि दावं माळ्यावर गेलेलं असतं. विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘पळून गेला’ नाहीतर ‘मामाच्या मळ्यात सोडला.’

यामागे माया असते, हे मला कळतं. पण मी लहान वर्गांना शिकवते, आणि अशी सांभाळलेली लेकरं दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसतात. काहीतरी झालंय हे त्यांना कळलेलं असतं, फक्त काय झालंय ते कोणी सांगितलेलं नसतं. मग ती स्वतःच काहीतरी जुळवतात, आणि ते खऱ्यापेक्षा भयंकर असतं. म्हणून माझं सांगणं सरळ आहे. लेकराला खरं सांगा, लवकर सांगा, घरच्या माणसाने सांगा, आणि निरोपात त्याला काहीतरी काम द्या. हे कसं करायचं ते क्रमाने लिहिते.

सांगायच्या आधी

जनावर कशाने मेलं हे आधी नीट पाहा, कारण इथे लेकराच्या जिवाचा प्रश्न असू शकतो. कुत्रं किंवा मांजर मरायच्या आधी विचित्र वागत होतं, लाळ गळत होती, पाणी गिळता येत नव्हतं, विनाकारण चावायला धावत होतं, तर रेबीजचा संशय धरा. मृत शरीराला पोरांना हात लावू देऊ नका. चावला होता का, नख लागलं होतं का, अंगावरच्या जखमेवर चाटलं होतं का, हे प्रेमाने विचारा. ओरडा बसेल या भीतीने मुलं ओरखडे लपवतात. काही झालं असेल तर ती जागा साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. जनावर मेलं म्हणून धोका संपला असं समजू नका. रडणं, समजावणं हे सगळं त्यानंतर.

कोंबड्या एकामागून एक पटापट मरत असतील तर त्यांनाही पोरांना शिवू देऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. १९६२ हा टोल-फ्री क्रमांक जनावरांच्या उपचारासाठीच आहे.

दुसरी गोष्ट, सांगणारं माणूस ठरवा. ज्याच्या कुशीत लेकरू झोपतं त्याने सांगावं. बऱ्याच घरांत ती आई असते, काही घरांत आजी किंवा आबा. शेजारच्या पोराने गल्लीत ओरडून सांगायच्या आत घरच्याने सांगितलं पाहिजे, म्हणून फार वेळ दवडू नका. घरातल्या सगळ्यांनी एकच सांगायचं, हेही आधीच ठरवून घ्या. आई म्हणते मेला, आजी म्हणते फिरायला गेला, असं झालं की लेकरू दोघींवरचा विश्वास गमावतं. आजीला बाजूला घेऊन समजवावं लागेल. तिला वाटतं की पोर घाबरून ताप काढेल. तिला सांगा की खोटं उघडं पडेल तेव्हा ते जास्त घाबरेल.

सांगताना

टीव्ही बंद करा. त्याच्या उंचीला खाली बसा, जवळ घ्या. एक वाक्य तयारीचं बोला, ‘एक वाईट बातमी सांगायची आहे.’ मग थेट सांगा: ‘आपला मोत्या आज सकाळी मेला. त्याला गाडीचा मोठा मार लागला होता. त्याचं शरीर आता चालत नाही. त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, तो परत उठणार नाही.’

‘मेला’ म्हणायला जीभ अडखळते, कारण आपल्याला ते कठोर वाटतं. तरीही तोच शब्द वापरा. ‘झोपला’ म्हटलं तर चार वर्षांचं लेकरू रात्री स्वतः झोपायला घाबरतं. ‘देवाने नेला’ म्हटलं तर त्याला देवाचा राग येतो, किंवा देव आता कोणाला नेईल ही धास्ती बसते. ‘हरवला’ म्हटलं तर ते महिनाभर गल्ल्या धुंडाळतं. ‘आजारी होता म्हणून मेला’ एवढंच सांगितलं तर पुढच्या वेळी आईला सर्दी झाली तरी ते हादरतं. म्हणून नेमकं सांगा: ‘तो खूप खूप आजारी होता, औषधाने बरा होणार नव्हता. आपल्याला खोकला होतो तसा तो आजार नव्हता.’

डॉक्टरांनी वेदना थांबवायला सुई देऊन जनावराला शांत केलं असेल, तर तेही लपवू नका. फक्त ते औषध वेगळं होतं, तुझ्या लसीच्या सुईत ते नसतं, हे त्याच वेळी सांगा. नाहीतर पुढच्या लसीकरणाला ते लेकरू दवाखान्याच्या पायरीवरच किंचाळेल.

लेकरू ज्या बोलीत भाकर मागतं त्याच बोलीत सांगा. घरात अहिराणी चालते तर अहिराणीतच: ‘मोत्या मरी गया, भाऊ. आते तो येवाव नही.’ लेवा बोली असेल, सातपुड्यात भिली किंवा पावरी असेल, तर तीच. अशा वेळी पुस्तकी मराठी परक्यासारखी वाटते.

आणि सांगितल्यावर गप्प बसा. ही पायरी सर्वांत अवघड आहे. लगेच ‘रडू नको’, ‘आपण दुसरा आणू’ असं सुरू करू नका. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या.

वयाप्रमाणे किती समजतं

मारिया नॉज यांचा बुडापेस्टच्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कुठेतरी जाणं किंवा झोपणं वाटतं, जिथून परत येता येतं. बालवाडीतल्या कोणत्याही लेकराशी बोला, आजही हेच ऐकू येईल. नीट समजावलेलं असतं, मान डोलावलेली असते, आणि संध्याकाळी ते विचारतं, ‘पोळ्याला येईल ना तो?’ त्याला समजावण्यात तुम्ही कमी पडलात असं नाही. पुन्हा तेच, त्याच शब्दांत, न चिडता सांगायचं.

साधारण पाच ते सात या वयात ‘परत येत नाही’ हे पक्कं होऊ लागतं. सगळेच मरतात, आपणही, हे आणखी थोडं उशिरा उतरतं. सात-आठ वर्षांची मुलं बारकावे विचारतात. डोळे उघडे का होते, किडे लागतील का, हाडं किती दिवस राहतात. हे ऐकून घरात धक्का बसतो. पण ती त्यांची समजून घ्यायची रीत आहे, उत्तर द्या. दहाच्या पुढची मुलं मात्र गप्प होतात आणि कोपऱ्यात एकटी रडतात. ‘तू मोठा ना आता’ हे वाक्य त्यांना ऐकवू नका.

लहान मुलांचं दुःख तुकड्यातुकड्याने येतं. पाच मिनिटं हंबरडा, मग विटी-दांडू, मग जेवताना पुन्हा डोळ्यांत पाणी. मधल्या खेळावरून ‘याला काहीच वाटलं नाही’ असा शिक्का मारू नका.

शेवटचं बघणं आणि माती देणं

लेकराला बघायचं आहे का, हे त्याला विचारा. बळजबरी नको आणि अडवणूकही नको. आधी काय दिसेल ते सांगा: ‘तो गार असेल, हलणार नाही, पोट वर-खाली होणार नाही.’ गाडीखाली फार चेंदामेंदा झालं असेल तर चादरीत गुंडाळून फक्त पंजा किंवा शेपटी उघडी ठेवा. संसर्गाचा आजार असेल तर लांबूनच.

आपल्याकडचा उन्हाळा इथे आडवा येतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि शरीर काही तासांतच वास मारू लागतं. पोरगं शाळेत असेल आणि आजार संसर्गाचा नसेल, तर शरीर ओल्या पोत्यात गुंडाळून, मिळाला तर बर्फ लावून, सावलीत ठेवा. शाळा सुटेपर्यंत तेवढं नक्की निभतं. दिवसभर मात्र थांबवू नका.

खड्डा किमान तीन फूट खोल घ्या, नाहीतर भटकी कुत्री उकरतील. आपल्या हाताने पुरलेलं असं उघड्यावर पडलेलं बघणं हे लेकरासाठी मरणापेक्षा वाईट. जागा विहिरीपासून, बोअरपासून लांब. चुना टाका. आपल्या काळ्या जमिनीत माती बसते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून वर दगड रचा आणि पहिल्या पावसानंतर जाऊन माती भरा. त्या फेरीला लेकराला बरोबर न्या. बांधावर निंब किंवा करंज लावलात तर पाणी घालायचं काम त्याचंच. शहरात फ्लॅटमध्ये जागा नसेल तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे चौकशी करा, किंवा शेत असलेल्या नातेवाइकाला विचारा. पोत्यात भरून नाल्याकाठी टाकून येऊ नका. मुलांना ते कधी ना कधी कळतं.

निरोपात लेकराला करायला काहीतरी द्या. मूठभर माती टाकू द्या, फूल ठेवू द्या, त्याची वाटी किंवा घुंगरू खड्ड्यात ठेवायचं की घरी, हे त्याला ठरवू द्या. शेवटचं काय सांगायचं ते सांगू द्या. आमच्या शाळेतल्या एका पहिलीतल्या मुलाने मांजरीच्या खड्ड्यात भाकरीचा तुकडा टाकला आणि ‘भूक लागत नाही म्हणता, पण राहू द्या’ म्हणाला. त्याच्या बाबांनी काही न बोलता राहू दिला. तेच बरोबर होतं.

यानंतर काही दिवसांनी मुलं अंगणात मरणाचा खेळ खेळतात. पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची, छोटी तिरडी बांधतात, बाहुली त्यावर ठेवतात, ‘राम नाम’ म्हणत फिरवतात. घरात हे अशुभ मानलं जातं आणि पाठीत धपाटा बसतो. कृपा करून मारू नका. जे तोंडाने बोलता येत नाही ते लेकरू हातांनी करून बघतंय. आजीला फारच सहन होत नसेल तर खेळ मागच्या अंगणात हलवा, पण थांबवू नका.

येणारे प्रश्न

‘तू पण मरशील का?’ हा प्रश्न येणारच, बहुतेक रात्री अंधारात. ‘छे, मी कधीच नाही’ म्हणू नका. ‘हो, सगळेच कधी ना कधी मरतात. पण बहुतेक माणसं खूप म्हातारी झाल्यावर. मला अजून पुष्कळ वर्षं तुझ्याबरोबर राहायचंय. आणि तुला सांभाळायला बाबा आहेत, आजी आहे, मामा आहे.’ लेकराचा खरा प्रश्न ‘मग मला कोण बघेल’ हा असतो. त्याचं उत्तर माणसांची नावं घेऊन द्या.

‘तो आता कुठे आहे?’ याचं उत्तर दोन भागांत द्या. शरीर कुठे आहे ते आधी: बांधावर, निंबाखाली, मातीत. त्यानंतर तुमच्या घरची श्रद्धा, आणि ती श्रद्धा म्हणूनच: ‘आजी मानते की तो पुन्हा जन्म घेईल.’ तुम्ही मानत नसाल ते सांगू नका, लेकराला ते आवाजावरून कळतं.

‘ढवळीची पण घागर भरायची का?’ असं मेलेल्या गायीबद्दल अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एका घरात नात विचारून गेली. आजोबांच्या नावाची घागर भरली होती, वर डांगर, आंबे, सांजोऱ्या. घरातले काही हसले, काहींनी गप्प केलं. आजीने मात्र एक लोटी भरली, नातीच्या हातात दिली आणि दोघींनी ती गोठ्यामागच्या रोपाला नेऊन घातली. पितरांच्या घागरीची रीत मोडली नाही आणि पोरीचं मनही राहिलं. सणावारी आठवण उसळून येते हे धरूनच चाला. पोळा जवळ आला की आधीच विचारा, ‘आपल्या सर्जाची आठवण कशी करायची?’ मातीच्या बैलांत एक त्याच्या रंगाचा करता येतो.

‘माझ्यामुळे मेला का?’

लहान मुलांना वाटतं की मनात आलेलंही खरं होतं. रागाने ‘मर जा’ म्हटलं होतं, वैरण टाकायची विसरली होती, तेव्हापासून ओझं घेऊन फिरतात, आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यात लम्पी या गुरांच्या त्वचारोगाची साथ जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावलपासून सुरू झाली आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली. त्या पावसाळ्यात दुसरीतली एक मुलगी वहीच्या मागच्या पानावर रोज गायीचं चित्र काढायची आणि पेन्सिलीचं टोक दाबून दाबून अंगभर भोकं पाडायची. पान चाळणी झालं होतं. जवळ बसून विचारलं तर म्हणाली, ‘मीच तिला पाण्यावर नेलं होतं, तिथे दुसरी गाय होती.’ तिला सांगितलं की हा रोग मुख्यतः चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडांमुळे पसरतो. ते गोठ्यातही येतात, अंगणातही. पाण्यावर नेणं हे तर गायीला सांभाळणंच होतं. हे तिला एकदा सांगून पुरलं नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

म्हणून लेकराने विचारायची वाट पाहू नका. तुम्हीच सांगा: ‘तू रागावलीस म्हणून कोणी मरत नाही.’ आणि चूक खरंच झाली असेल तर? दार उघडं राहिलं आणि कुत्रा हायवेवर गेला, असं असेल तर? मग ‘नाही रे, तसं काही नाही’ म्हणू नका, त्याला माहीत असतं. सांगा: ‘दार उघडं राहिलं, हे खरं. पण तू त्याला लागावं म्हणून उघडलं नव्हतंस. दार बघणं हे आम्हा मोठ्यांचं काम होतं.’ घरातल्या कोणीही रागाच्या भरात ‘तुझ्यामुळेच’ म्हणायचं नाही, हे कडकपणे पाळा.

माणसांनीच मारलेलं किंवा विकलेलं जनावर

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरने हे दोनदा पाहिलं. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातल्या कोंबड्यांत बर्ड फ्लू पहिल्यांदा तिथेच आढळला, २०२१ मध्ये पुन्हा आला. रोग रोखायला आजूबाजूच्या धडधाकट कोंबड्याही मारल्या गेल्या. ‘माझी कोंबडी आजारी नव्हती, मग का?’ या प्रश्नातला राग रास्त आहे. ‘सरकारचा नियम’ एवढं सांगून लेकरू गप्प होईल, पण त्याचं समाधान होणार नाही. रोग कसा पसरतो, माणसालाही होऊ शकतो, म्हणून हे करावं लागलं, आणि तुझ्या कोंबडीचा काही दोष नव्हता, हे सांगा. राग आहे तर असू द्या.

बोकड आणि गोऱ्हा यांची गोष्ट वेगळी. करडू घरात आलं की पोरं नाव ठेवतात, आणि तो विकायचा किंवा कापायचा आहे हे मोठ्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून असतं. ते त्याच दिवशी सांगा: ‘हा मोठा झाला की बाजारात जाईल.’ लेकराला तरीही लळा लागेल, पण फसवल्याचं दुःख होणार नाही. आणि घरच्या बोकडाचं मटण न सांगता ताटात वाढू नका. ज्यांच्या मनात हे वर्षानुवर्षं राहिलं अशी माणसं मी पाहिली आहेत.

पुढचे आठवडे

पट्टा, वाटी, दावं एका रात्रीत नाहीसं करू नका. लेकराला विचारून हळूहळू आवरा, एक वस्तू त्याला ठेवू द्या. रोजच्या वेळा तशाच ठेवा. जनावराला संध्याकाळी भाकर घालायचं काम त्याच्याकडे असेल तर ती वेळ आता रिकामी होते आणि नेमकी तेव्हाच ते सैरभैर होतं. त्या वेळेला दुसरं काम द्या, चिमण्यांचं पाणी भरणं, झाडांना पाणी.

शाळेत कळवा. वर्गात ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध कधीही निघतो, आणि गुरुजींना माहीत असलेलं बरं.

झोपेत दचकणं, एखाद्या रात्री गादी ओली होणं, चिडचिड, पोट दुखतंय म्हणणं हे काही दिवस चालतं. महिना उलटूनही जेवण-झोप बिघडलेलीच असेल, शाळा नको वाटत असेल, स्वतःला दोष देणं थांबत नसेल, तर मदत घ्या. ‘मलाही मोत्याकडे जायचंय’ असं लहान लेकरू म्हणतं ते बहुतेकदा आठवणीने. तरी जवळ बसून म्हणजे काय ते विचारा, आणि मोठ्या मुलाने म्हटलं तर त्याच दिवशी मदत मागा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. समुपदेशकाकडे नेणं म्हणजे पोराला वेड लागलं असं नव्हे.

नवं जनावर कधी आणायचं

रडणं थांबवायला दुसऱ्याच दिवशी पिल्लू आणू नका. जुन्याबद्दल बोलताना त्याला हसू येऊ लागलं, आणि नवं हवं असं ते आपणहून म्हणालं, की बघा. नाव नवंच ठेवा. ‘अगदी मोत्यासारखा’ म्हणून तुलना करू नका.

जुनं पिल्लू रक्ताची हगवण लागून पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाने गेलं असेल तर आणखी थांबावं लागेल. तो विषाणू अंगणातल्या मातीत कित्येक महिने टिकतो, आणि लस पूर्ण न झालेलं नवं पिल्लू त्याच जागी आणलं तर तेही जातं. फरशी आणि भांडी ब्लिचिंगच्या पाण्याने धुवून घ्या, जुनं अंथरूण जाळा, आणि लसीचे डोस पुरे झालेलं पिल्लूच घरात आणा. हे का थांबायचं ते लेकरालाही समजावून सांगा आणि लसीच्या तारखा कॅलेंडरवर त्याच्याच हाताने लिहून घ्या.